गातो पण आणि बीटबॉक्स पण करतो, मग टीव्हीच्या स्पर्धेची तयारी कशी करायची?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मुलगा तेरा वर्षांचा, आठवीत, लहानपणापासून गातो, मागच्या दोन वर्षांत मोबाईलवर बघून बघून बीटबॉक्स, म्हणजे तोंडानंच ड्रमसारखे ठेके काढणं, शिकला, आणि आता टीव्हीवर एक गाणारा-बीटबॉक्स करणारा पोरगा एकेक राऊंड पार करत वर चाललाय ते बघून तुमच्या घरात एकच विषय, की ह्यालापण पाठवायचं. तुम्ही विचारलंय की दोन्ही एकदम चालू ठेवू की एक सोडायला लावू, शाळेचं कसं करायचं, परवानग्या वगैरे काय लागतात, आणि माईक कुठला घेऊ. मी सोलापुरात बावीस वर्षं तबला आणि सुगम शिकवतोय, मागची नऊ-दहा वर्षं बीटबॉक्सवाली पोरंही यायला लागलीत आणि त्यातला एक अशाच स्पर्धेत बऱ्यापैकी वर गेला. तेव्हा जे डोळ्यानं बघितलंय तेच सांगतो, जरा लांबेल.

एक सोडायला लावू का ह्याचं उत्तर आधी देतो, नाही. पण दोन्ही सारखंच असंही नाही. गाणं आधी, बीट त्याच्या मागं, आणि ह्याचं कारण आवड-निवड नाही तर श्वास आहे. माणसाला छाती एकच. गाण्याला फुफ्फुसातली हवा लागते, आणि बीटबॉक्स करणारी नव्वद टक्के नवी पोरं बीटलापण तीच हवा खर्च करतात, मग तिसऱ्या ओळीला धाप लागते, सूर खाली घसरतो, आणि घरच्यांना वाटतं पोरगं घाबरलं. घाबरलेलं नसतं, हवा संपलेली असते. बहुतेक सगळ्यांचं घोडं इथंच अडतं म्हणून आधी हेच नीट समजावतो.

माझा तो पोरगा अशोक चौकाच्या बाजूचा. वडलांचे चार माग, टॉवेल काढतात. घरात तेलुगू, शाळेत मराठी, गल्लीत कन्नड आणि हिंदी, म्हणजे आपल्या पूर्व भागातल्या कुठल्याही पोरासारखा चार भाषांत भांडणारा. पहिल्यांदा आला तेव्हा पंधरा वर्षांचा होता. मी विचारलं हे कुठं शिकलास बे, तर म्हणाला, सर माग ऐकून. मला वाटलं असंच बोलतोय. तर त्यानं मला नुसता माग करून दाखवला. धोटा उजवीकडं जातानाचा आवाज वेगळा, डावीकडं येतानाचा वेगळा, एक बाजू जरा जड, खट् आणि टक्, आणि मधे पट्ट्याची घरघर खालच्या आवाजात चालूच. मी पुढच्या रविवारी मुद्दाम त्यांच्या कारखान्यात गेलो, मोबाईलवर मेट्रोनोम, म्हणजे लय मोजायचं ॲप, लावून बघितला, माग मिनिटाला एकशे तीस ठोक्यांच्या आसपास चालत होता, आणि हा बाहेर उभा राहून तोंडानं तीच लय पाच मिनिटं धरून होता, एक ठोकासुद्धा पुढं-मागं नाही. त्याच्या वडलांनी सांगितलं की सूत तुटायच्या आधी मागाचा आवाज जरासा बदलतो, आणि हा शाळेचा अभ्यास करत कोपऱ्यात बसलेला असला तरी वडलांच्या आधी मान वर करायचा. असा कान होता. कान असा असेल तर बाकीचं शिकवता येतं. तुमच्या मुलाचं काय बघायचं तर हेच बघा, तो किती अवघड आवाज काढतो ते नका बघू, एकच साधा ठेका पाच मिनिटं न हलता धरतो का ते बघा.

त्याची पहिली ऑडिशन पुण्यात होती. सकाळी साडेसहाची हुतात्मा एक्सप्रेस पकडली तर पुण्यात पोचेपर्यंत साडेदहा होतात आणि तोवर रांग कुठल्याकुठं गेलेली असते, म्हणून आम्ही आदल्या रात्रीच्या एसटीनं गेलो. पहाटे पाचला रांगेत, नंबरचा कागद मिळाला दहाला, आत बोलावलं दुपारी तीनला. आत कोण असतं ते तुम्हाला माहीत असावं म्हणून सांगतो, टीव्हीवर दिसणारे परीक्षक पहिल्या फेरीला नसतात. एक टेबल, प्रॉडक्शनच्या टीमची दोन माणसं, एक कॅमेरा. मिनिट-दीड मिनिटं मिळतं. ह्यानं पहिला मिनिटभर बीट वाजवला, येत होतं ते सगळं, क्लिक, झिपर, घशातला बास म्हणजे खालचा घुमणारा आवाज, सगळं ओतलं, आणि मग गाणं चालू केलं. दुसऱ्या ओळीला पट्टी अर्ध्या सुरानं खाली. थँक यू, कळवतो, एवढं ऐकून बाहेर. परतीच्या एसटीत टेंभुर्णीपर्यंत एक शब्द बोलला नाही, मग म्हणाला, सर मला श्वासच पुरला नाही. चूक त्याला स्वतःलाच कळली, त्यामुळं मला पुढचं वर्ष सोपं गेलं.

त्या वर्षात पहिले सहा महिने एकही नवीन आवाज शिकवला नाही. नुसते तीन आवाज, प, ट, क. किक म्हणजे पायानं वाजवायचा मोठा ड्रम, तो प, हाय-हॅट म्हणजे झांजांची जोडी, ती ट, स्नेअर म्हणजे कडक वाजणारा छोटा ड्रम, तो क. पण आपण बोलताना जसा प म्हणतो तसा नाही. बोलताना छातीतली हवा बाहेर येते. बीटचा प काढताना घसा आतून क्षणभर बंद करायचा, जणू वजन उचलताना आपण दम धरतो तसा, आणि तोंडात जेवढी हवा अडकलीय तेवढीच ओठातून फोडायची. छातीतून काहीच जात नाही. तोंडापुढं हात धरा, लांबलचक वारा लागला तर चूक, टिचकीसारखा एकच झटका लागला तर बरोबर.

ह्याच्या पुढची पायरी म्हणजे सूर धरून बीट, ज्याला पोरं हमिंग म्हणतात. तोंड मिटून नाकातून म्‌ म्‌ असा सूर लावायचा. जिभेचा मागचा भाग टाळूला चिकटवायचा, म्हणजे छातीची हवा नाकातून चालली आणि तोंडात पुढं एक छोटी कोठडी तयार झाली जिचा छातीशी संबंध नाही. आता त्या कोठडीतल्या हवेवर ओठांनी किक द्यायची. सूर तुटला तर समजायचं की किकला छातीतली हवा वापरली. सूर तुटला नाही, एकसंध चालला आणि वरून ठोके पडले, तर जमलं. खात्री करायची असेल तर सूर लावलेला असताना नाक चिमटीत धरा, सूर गप्पकन बंद पडला पाहिजे. बंद नाही पडला तर हवा तोंडातून गळतीय. माझ्या पोराला हे यायला अकरा आठवडे लागले, रोज वीस मिनिटं, जास्त नाही. तुमच्या मुलाला आजच करायला सांगा, दोन मिनिटांत तुम्हाला कळेल तो कुठं आहे.

हे काही जादूटोणा नाही हे पोरांना पटावं म्हणून मी नेहमी सांगतो की २०१३ मध्ये अमेरिकेतल्या काही संशोधकांनी एका बीटबॉक्सरला एमआरआय मशीनमध्ये झोपवून त्याचं तोंड-घसा आतून चालू असताना बघितला. त्याला इंग्रजी आणि स्पॅनिश येत होतं, पण तो असे आवाज काढत होता जे त्या दोन्ही भाषांत नाहीत, जगाच्या दुसऱ्या टोकाच्या भाषांत आहेत, त्यात हे छातीची हवा न वापरता काढायचे आवाज होतेच. म्हणजे यंत्र सगळ्यांच्याच तोंडात आहे, वापरायची सवय नाही. आणि आपल्याकडं तर तबल्याची पढंत आहे, कथकची पढंत आहे, आपण हात लावायच्या आधी तोंडानं म्हणतो. न्यूयॉर्कच्या गल्ल्यांत ऐंशीच्या दशकात डग ई. फ्रेशसारख्या लोकांनी ड्रम मशीनचे आवाज तोंडानं काढून ही कला उभी केली, पुढं राहझेलनं एकाच वेळी गाणं आणि बीट करून दाखवलं, ते सगळं ऐकायचंच, पण आपल्या पोराला धा म्हणजे काय ते आधी कळलं पाहिजे. धा म्हणजे डाव्याचा गे आणि उजव्याचा ना एकदम. तोंडात एकदम दोन गोष्टी करायच्या असतील तर ही समज फार उपयोगी पडते. मी केरवा ताल घेतला, धा गे ना ती, न क धी न, आठ मात्रा, आणि त्याला म्हटलं हाच तुझ्या तीन आवाजांत बसव. धा ला किक, क ला स्नेअर, बाकी हाय-हॅट. महिन्याभरात त्याचा बीट मागासारखा सरळ होता तो डुलायला लागला. इंग्रजी व्हिडिओ बघून शिकलेल्या पोरांचा बीट बरोबर असतो पण डुलत नाही, आणि मराठी-हिंदी गाण्याखाली न डुलणारा बीट वाजला की गाणं परकं वाटतं. हे माझं ठाम मत आहे.

मग शब्दांसकट गाणं. इथं लोक फसतात. प्रत्येक मात्रेवर ठोका मारत गायचा हट्ट धरतात आणि शब्द चिरडले जातात. शब्दात जिथं प, ब आहे तिथं किक आपोआप बसते, जिथं त, ट, च आहे तिथं हाय-हॅट, जिथं क आहे तिथं स्नेअर. जिथं म, न, ल किंवा नुसता स्वर आहे तिथं हात जोडून गप्प बसायचं. म्हणून गाणं निवडताना वहीत शब्द लिहून घ्या आणि पेन्सिलीनं खुणा करा. एका ओळीत तीन-चार जागा मिळाल्या तर भरपूर. काही गाण्यांत जागाच नसतात, ती गाणी ह्या कामाला घेऊ नका, कितीही आवडती असली तरी.

दुसऱ्या वर्षीच्या ऑडिशनला त्यानं तुकोबांचा एक अभंग घेतला. पहिल्या दोन ओळी मोकळ्या, काही नाही, नुसता आवाज. मग ओळीच्या शेवटी सूर नाकात घेतला आणि त्याच सुराखाली भजनी ठेका चालू केला, आठ आवर्तनं, आणि ठेका बंद करून परत मोकळं गाणं. सगळं मिळून पंच्याहत्तर सेकंद. समोरच्यांनी दुसरं गाणं मागितलं. मग म्हणाले आता बीट नको, फक्त गा. मग म्हणाले आता फक्त बीट, गाणं नको. मग एक हिंदी जुनं गाणं येतं का विचारलं. हे लक्षात ठेवा, त्यांना दोन्ही गोष्टी वेगळ्या करून तपासायच्या असतात, की बीट काढून घेतला तर खाली गायक उरतो का. म्हणून निदान चार गाणी तयार पाहिजेत, त्यातली दोन बीटशिवाय पूर्ण उभी राहणारी. त्याचं त्या दिवशी झालं, आणि दोन आठवड्यांनी मुंबईहून फोन आला.

पुढच्या गोष्टी टीव्हीवर दिसत नाहीत त्या सांगतो. गाणं तुम्ही ठरवत नाही. ज्या गाण्यांचे हक्क मिळालेत अशा गाण्यांची यादी असते, त्यातलं टीम ठरवते, तुमचं म्हणणं ऐकतात पण शेवटचा शब्द त्यांचा. रिहर्सलला बँड असतो, स्वतःचा आवाज ऐकायला कानात मॉनिटर असतो, आणि शूटिंग सकाळी सुरू होऊन रात्री उशिरापर्यंत चालतं, त्यात तुमची पाळी सकाळी अकराला येईल की रात्री अकराला ते कुणी सांगू शकत नाही. म्हणजे आवाज बारा तास ताजा ठेवायचा, एसीत बसून. माझ्या पोरानं सोलापूरच्या उन्हात वाढून कधी एवढी थंड हवा खाल्ली नव्हती, दुसऱ्या दिवशी घसा कोरडा पडला. गळ्याला मफलर आणि थोड्या थोड्या वेळानं साधं पाणी, एवढं केलं तरी पुरतं. आणि आईनं डब्यात प्रेमानं कडक भाकरी आणि शेंगा चटणी दिली होती, मी म्हटलं ही रात्री खा, गायच्या आधी नाही, तो भुगा घशात बसतो.

आणि एक गोष्ट झाली ती मी प्रत्येक पालकाला सांगतो. पहिल्या स्टेज रिहर्सलला ह्याचा बीट कुणाला ऐकूच येईना. हा जीव तोडून किक मारतोय आणि स्पीकरमधून फक्त टकटक. कारण असं की गायकाच्या माईकच्या चॅनेलवर साऊंडवाला साधारण लो-कट लावून ठेवतो, म्हणजे शंभर हर्ट्झच्या आसपासचं आणि त्याखालचं कापून टाकतो, कारण गायकाच्या बाबतीत तिथं नुसती फुंकर आणि माईकची खडखड असते. पण बीटबॉक्सरचा किक आणि बास तर तिथंच राहतो! वरून गेट, म्हणजे हळू आवाज आपोआप बंद करणारी सोय, लावलेला असेल तर हळू हाय-हॅट पण गायब. ह्यात साऊंडवाल्याची चूक नाही, त्याला गायक म्हणून सांगितलेलं असतं. पण हे मागायला तोंड उघडावं लागतं, आणि आपली पोरं मुंबईत गेली की आपली बोली ऐकून कुणी हसेल म्हणून गप्प राहतात. हा नाही राहिला, कारण आम्ही त्याआधी वर्षभर गल्लीतल्या गणपती मंडळाच्या साऊंडवाल्याकडं बसून हेच केलं होतं, कुठलं बटण फिरवलं की काय जातं. त्यानं सरळ जाऊन सांगितलं, दादा माझ्या चॅनेलचा लो-कट काढता का आणि गेट थोडा सैल करता का. त्या माणसानं लगेच केलं, वर दोन वेगळे चॅनेल करून दिले, एक गाण्याचा, एक बीटचा, दोन हातात दोन माईक. तिथून त्याचं सगळं सुधारलं. तुमच्या मुलाला आधी आपल्या इथल्या कुठल्यातरी साऊंडवाल्याशी दोस्ती करायला लावा, गणपतीच्या दिवसांत सोलापुरात त्यांना काय तोटा आहे.

चौथ्या का पाचव्या भागात त्याला एक अगदी संथ, आईवरचं गाणं दिलं. टीमला वाटत होतं मधे बीट टाकावा, लोक त्याचीच वाट बघतात. रात्री मला फोन आला, सर काय करू. मी म्हटलं गाणं म्हणून बघ आणि तुला स्वतःला कुठं ठोका ऐकू येतो का सांग. अर्ध्या तासानं फोन आला, नाही येत. मग त्यानं टीमला तसं सांगितलं आणि पूर्ण गाणं नुसतं गायलं, शेवटच्या ओळीनंतर फक्त दोन किक, हृदयाच्या ठोक्यासारखे, बस. त्या भागानंतर लोक त्याला बीटबॉक्सवाला पोरगा न म्हणता नावानं ओळखायला लागले. २०२२ मध्ये इंडियाज गॉट टॅलेंट ज्या जोडीनं जिंकलं, दिव्यांश आणि मनुराज, त्यातपण बघा, एक बीटबॉक्सर आणि एक बासरीवाला. नुसत्या बीटवर एवढ्या लांबचा पल्ला गाठणं फार अवघड, वर सूर लागतो, मग तो बासरीचा असू दे नाहीतर स्वतःच्या गळ्याचा.

तो फायनलला पोचला नाही, मतांवर बाहेर पडला. स्टेशनवर उतरला तेव्हा हलगी, लेझीम, गुलाल, सगळी गल्ली आली होती, आणि वडलांनी त्या दिवशी माग बंद ठेवले होते, जे त्यांनी आजारपणातही केलं नव्हतं. ते बघून माझ्या डोळ्यात पाणी आलं, खोटं कशाला बोलू. पण त्याच्या पुढचे दोन महिने आम्ही चुकलो, मीसुद्धा. रोज सत्कार, मंडळं, शाळा, लग्नं, आणि प्रत्येक ठिकाणी लोक म्हणायचे तो घशातला आवाज काढ की. एका दिवसात तीन-तीन कार्यक्रम. सातव्या आठवड्यात आवाज बसला तो उठेचना. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी तीन आठवडे पूर्ण मौन सांगितलं आणि ठरलेले सगळे कार्यक्रम रद्द करावे लागले, त्यात सोलापूरच्या गड्डा यात्रेच्या दिवसांतला एक मोठा होता जो त्याला मनापासून करायचा होता. मी त्याला नाही म्हणायला शिकवलं नव्हतं, ते माझं काम होतं. आता माझा नियम आहे, स्पर्धेतून आलेल्या पोरानं पहिला महिना आठवड्याला दोनच कार्यक्रम, आणि घशातला बास कार्यक्रमात एकदाच.

आता तुमच्या मुलाचं. तेरा वर्षं म्हणजे आवाज फुटायचं वय. फुटला नसेल तर वर्ष-दोन वर्षांत फुटेल. त्या काळात मुलांच्या स्वरयंत्रातल्या स्वरपट्ट्या लांब होतात आणि आवाज साधारण एक सप्तक खाली उतरतो, आणि उतरताना रोज वेगळ्या जागी असतो. त्या काळात गाणं बंद करायचं नाही, पण जोर लावायचा नाही, त्याची गायची पट्टी दर महिन्याला बदलू द्यायची, काल पेटीची काळी तीन होती म्हणून आज काळी तीनच असा हट्ट नको. आणि घशातला बास, ज्याला पोरं थ्रोट बास म्हणतात, तो गळा फुटून पूर्ण स्थिर होईपर्यंत बंद. तो आवाज खऱ्या स्वरपट्ट्यांच्या वर ज्या दुसऱ्या पट्ट्या असतात त्या हलवून काढतात, मोठ्या माणसालासुद्धा तो जपून करावा लागतो. ओठाचे, जिभेचे आवाज हवे तेवढे करू दे.

आवाज फुटेल म्हणून सगळं संपेल ही भीती ठेवू नका. आपल्या शेजारच्या लातूरचा रोहित राऊत २००८-०९ च्या मराठी लिटिल चॅम्प्समध्ये पहिल्या पाचात होता, लहान पोरगा. तोच रोहित मोठ्या माणसाचा आवाज घेऊन इंडियन आयडॉलच्या अकराव्या सीझनमध्ये उतरला आणि २०२० मध्ये उपविजेता झाला. मधे अकरा वर्षं. त्या अकरा वर्षांत काय रियाझ झाला असेल ह्याचा विचार करा, दोन्ही वेळच्या ट्रॉफीचा नको.

परवानगीचं विचारलंत ते चांगलं केलंत, फार कमी लोक विचारतात. चौदा वर्षांखालच्या मुलाला टीव्हीच्या कामात घ्यायचं असेल तर बालकामगार कायद्याच्या २०१७ च्या नियमांप्रमाणे निर्मात्यानं जिथं शूटिंग आहे तिथल्या जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी घ्यायची असते. दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, आणि तीन तासांनंतर विश्रांतीशिवाय पुढं नाही. सलग सत्तावीस दिवसांपेक्षा जास्त नाही, आणि शाळा बुडू नये म्हणून शिकवायची सोय त्यांनी करायची. पैसे मिळाले तर त्यातले निदान वीस टक्के मुलाच्या नावानं राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत. हे सगळं तुमच्या हक्काचं आहे, उपकार नाही, करार हातात आला की ह्याची कलमं त्यात आहेत का ते बघा आणि ओळखीच्या वकिलाला दाखवल्याशिवाय सही करू नका. स्पर्धा संपल्यावर पुढची काही वर्षं मुलानं कुठं गायचं आणि मानधनातला किती हिस्सा कुणाला जाणार हेसुद्धा काही करारांत असतं, बारीक अक्षरात.

आणि कुणी पैसे मागितले, की डायरेक्ट पुढच्या फेरीत घालतो, ओळख आहे, तर फोन ठेवून द्या. माझ्याकडच्या एका मुलीच्या वडलांनी असे चाळीस हजार दिले, विडी घरकुल ह्या विडी कामगारांच्या वसाहतीत राहणारं घर, आईच्या विड्यांच्या मजुरीतले साठवलेले. पुढच्या आठवड्यात त्या माणसाचा फोन बंद. ती मुलगी खरंच चांगली गायची, तिनं त्यानंतर वर्षभर गाणं सोडलं होतं, कारण तिला वाटायचं आपल्यामुळं घरचे पैसे गेले. तिला परत बसवायला जे कष्ट पडले ते मला माहीत.

शाळेचं, ताई, मी काही वेगळं सांगणार नाही. आठवी-नववी होऊ द्या. तोवर वर्षातून दोन-तीनदा स्टेजवर उभा करा, शाळेचं गॅदरिंग, गणपती, जमलं तर हुतात्मा स्मृती मंदिरात एखादा कार्यक्रम, तिथल्या स्टेजवर उभं राहिलं की समोरचा अंधार आणि स्वतःचा परत येणारा आवाज म्हणजे काय ते कळतं. घरी रोजचं असं ठेवा, सकाळी तानपुऱ्याच्या ॲपवर पंधरा मिनिटं खर्ज, त्याला जिथं आरामात लागेल तिथं, संध्याकाळी वीस मिनिटं प-ट-क मेट्रोनोमवर, ऐंशीला, आणि त्यानंतर दहा मिनिटं वर सांगितलेलं हमिंग. आठवड्यातून एकदा मोबाईलवर रेकॉर्ड करून त्यालाच ऐकवा, तुम्ही काही बोलू नका, त्याला सापडू दे. चार महिन्यांनी परत लिहा, हमिंगमध्ये सूर तुटतोय का नाही एवढंच सांगा, मग गाणी कुठली घ्यायची ते बघू.

माईक सध्या घेऊ नका. घरात त्याचा उपयोग नाही, उलट माईक तोंडाला चिकटवून मुठीत धरायची सवय लागते, त्यानं किक मोठा वाटतो पण गाणं गुदमरतं. वर्षभरानं घ्यायचाच झाला तर शुअर एसएम ५८ घ्या, साधा वायरचा, पडला तरी टिकतो आणि बऱ्याच स्टेजवर तोच असतो, नवी पेठेत मिळाला नाही तर पुण्याहून मागवा, आणि घेताना पेटी उघडून दुकानातच मशीनला लावून बघा, ह्याच्या नकली फार फिरतात.